मनगटाची हाडं आणि दुरेघी वही

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यांतलं सहसा एकही दिसत नाही. तिथे अजून हाड तयार झालेलं नसतं, नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं दिसू लागतात. पुढे साधारण वर्षाला एक अशा चालीने बाकीची भरत जातात. तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास तीन, पहिलीत जाईपर्यंत सहा-सात, आणि शेवटचं आठवं नऊ-दहा वर्षांच्या पुढेमागे. मुलींमध्ये हे जरा लवकर होतं, मुलग्यांमध्ये जरा उशिरा.

आता या हातात पेन्सिल द्या आणि दुरेघी वहीत पानभर 'अ' गिरवायला सांगा.

प्रश्न नुसत्या हाडांचाही नाही. पेन्सिल तीन बोटांत धरायला तळव्यातले बारीक स्नायू लागतात, आणि त्यांनी काम करण्याआधी खांदा नि कोपर स्थिर व्हावं लागतं. शरीरावरचा ताबा आतून बाहेर येत जातो: आधी मान, मग धड, मग खांदा, बोटं सगळ्यांत शेवटी. तीन वर्षांचं मूल रेघ ओढतं ती अख्ख्या दंडाने. त्याला दुरेघी वहीपेक्षा खडू आणि फरशी मानवते ती यामुळेच.

मी भांडुपच्या एका बालवाडीत अठरा वर्षं ताई होते. (मराठी शाळेत 'बाई', इंग्रजी माध्यमात 'टीचर', बालवाडीत 'ताई'. मुंबईत मूल तुम्हाला काय हाक मारतं यावरून तुमचा पगार ओळखता येतो.) दर वर्षी जून संपता संपता कोणीतरी आई किंवा आजोबा गेटवर थांबायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "ताई, बाकी सगळं छान आहे हो, पण शिकवता कधी?" गेटवर उभ्याउभ्या याचं उत्तर देता यायचं नाही. मागे रिक्षा हॉर्न वाजवत असायची.

फ्लेक्सवरचा आकडा

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्लेग्रुपच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटतं: मेंदूची ८५ टक्के वाढ सहा वर्षांच्या आत होते. आकडा हवेतला नाही, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तो आहे. पण फ्लेक्स वाचणाऱ्या बापाला वाटतं की ८५ टक्के शिक्षण सहाव्या वर्षाआधी उरकायचं असतं, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते. हा आकडा मेंदूच्या वाढीचा आहे, अभ्यासाच्या पोर्शनचा नव्हे.

लहानपणी मेंदूतल्या पेशी एकमेकींशी भरमसाट जोडण्या करतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. त्यांतल्या ज्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या छाटल्या जातात. वापरात कशाने राहतात? बाळ 'भू' म्हणालं आणि कडेवर घेणारी व्यक्ती म्हणाली, "हो रे, भूभू आला, शेपटी कशी हलवतोय बघ," तर याने. चढण्या-पडण्याने, वाटी उपडी करून बघण्याने, कोणीतरी कुशीत घेऊन शांत करण्याने. चित्रांची कार्डं भराभर डोळ्यांसमोरून नेली तर मूल बघतं खरं, पण त्या देवाणघेवाणीत त्याची पाळी येतच नाही.

आणि सहाव्या वर्षी दुकान बंदही होत नाही. आधी विचार मग कृती, मोह आवरणं, ठरवून काम करणं ही खाती सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटून गेली तरी घडतच असतो. त्याची पायाभरणी मात्र बालवाडीच्या वयात होते. कशी, ते पुढे तळ्यात-मळ्यातपाशी येईल.

दोन ते तीन

या वयातल्या वर्गाबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण इथे सगळ्यांत मोठा धडा एकच असतो: आई गेली तरी परत येते. हे मुलाला सांगून कळत नाही. रोज जाऊन रोज परत आल्यावरच कळतं. म्हणून पहिले काही दिवस आईला वर्गात बसू देणारी, मग दारात, मग गल्लीच्या टोकाला असं हळूहळू मागे सरकवणारी जागा शहाणी. 'दोन दिवस रडेल, मग गप्प बसेल' म्हणणारी जागा चुकीचं काही सांगत नाही, मूल खरंच गप्प बसतं. पण गप्प बसणं आणि रमणं यात फरक आहे, तो ताईच्या मांडीवरून ओळखावा. मूल रडताना त्या मांडीकडे धावत असेल तर जमलं.

दुसरी गोष्ट, या वयाची मुलं एकत्र खेळत नाहीत, शेजारी-शेजारी खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्येच मुलांच्या खेळाच्या अशा पायऱ्या नोंदून ठेवल्या: आधी एकटं, मग दुसऱ्याच्या बाजूला बसून आपापलं, मग एकमेकांत मिसळून. तेव्हा अडीच वर्षांच्या मुलाने दुसऱ्याच्या हातातला ट्रक हिसकला तर त्याला 'शेअर करायचं असतं' हे व्याख्यान देण्यात अर्थ नाही. दोन सारखे ट्रक आणावेत. आमच्याकडे सगळ्याची जोडी असायची, आणि भांडणं निम्म्यावर यायची.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा आणला, तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला'. अंगणवाडीच्या सेविका आता त्यावर काम करतात. नवचेतनेतल्या बऱ्याचशा गोष्टी घरात करायच्या आहेत, आणि आज्यांना त्या ओळखीच्या वाटतील.

डाळ ओतणारा मुलगा

एका ऑगस्टमध्ये एक बाबा मुलाला लवकर न्यायला आले. बाहेर पाऊस, ते दारात उभे, आत त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा एका वाटीतली मसूर डाळ दुसऱ्या वाटीत ओतत होता. मग दुसरीतली पहिलीत. वीस मिनिटं. शेवटी न राहवून ते म्हणाले, "याची आम्ही फी भरतो?" हसत म्हणाले, पण हसण्यासारखं त्यांना वाटत नव्हतं.

त्या वीस मिनिटांत काय चाललं होतं ते सांगते. वाटी तिरकी करायला मनगट वळवावं लागतं, पेन्सिलीसाठी पुढे हाच वळसा लागणार. डाळ सांडू नये म्हणून डोळा आणि हात एका वेळी एकाच जागी ठेवावे लागतात. सांडली तर एकेक दाणा चिमटीत उचलायचा, म्हणजे अंगठा आणि तर्जनी. मोठ्या वाटीतली डाळ लहान वाटीत मावत नाही हे त्याला दर वेळी नव्याने दिसतं, आणि दर वेळी तो ते पुन्हा तपासतो. सर्वांत महत्त्वाचं, वीस मिनिटं तो एकाच कामाला धरून बसला होता आणि कोणीही त्याला बसायला सांगितलं नव्हतं.

या कल्पनेचं मूळ मारिया माँटेसोरींकडे जातं. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. पण त्यांचं साहित्य महाग, लाकडी, मापात कातलेलं. ते आपल्या मातीत आणलं ताराबाई मोडकांनी. जन्म मुंबईतला, १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. मग १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. तिथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा अंगणातून आलेला आहे. साहित्य काय, तर चिंचोके, शिंपले, गोटे, पानं, बिया. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभर एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आमची मसूर डाळ त्याच घराण्यातली. (डाळ आम्ही दर पंधरवड्याने बदलायचो. पावसाळ्यात तिला कीड लागते, आणि मग धडा वेगळाच होतो.)

तीन ते चार या वयाचं दुसरं काम म्हणजे मोजणं. पालक अभिमानाने सांगतात, "हिला वीसपर्यंत येतात." येतात, गाण्यासारखे येतात. तिला म्हणा, "मला तीन चिंचोके दे." मूठ भरून देईल. अंक म्हणणं आणि संख्या कळणं यांत वर्ष-दीड वर्षाचं अंतर असतं. आधी मुलाला 'एक' कळतो, म्हणजे एक मागितला तर एकच मिळतो. काही महिन्यांनी 'दोन', आणखी काही महिन्यांनी 'तीन'. साधारण साडेतीन-चारच्या पुढे कधीतरी एकदम उजेड पडतो: मोजताना शेवटी जो अंक आला तेवढ्याच वस्तू आहेत. मग पाच, सहा, आठ सगळं एका झटक्यात येतं. ही उडी शंभरपर्यंत पाठांतराने लवकर पडत नाही. ताटं मांडताना 'चार वाट्या आण' म्हटल्याने तिला मदत होते. दहा बाय बाराच्या खोलीत ताटं मांडायला जागा नसते हे मला माहीत आहे, तेव्हा कपडे वाळत घालताना चिमटे मागावेत.

तीच तीच गोष्ट पुन्हा मागणं हाही याच वयाचा रोग. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, आणि 'थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे' इथपर्यंत सगळं शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. मोठ्या माणसाला कंटाळा येतो, मुलाला मात्र पुढे काय येणार हे आधीच माहीत असल्याचा आनंद होत असतो. एक गोष्ट वीस वेळा ऐकलेलं मूल एकविसाव्या वेळी ती तुम्हाला सांगतं, आधी-मग-शेवटी या क्रमाने. लिहिता येण्याच्या कितीतरी आधी ही रचना तोंडात बसते.

बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा

मराठी घरात बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात, सुया, दोरे आणि बटणं असतात. हा डबा घ्या आणि तीन वर्षांच्या मुलाला विचारा, आत काय? तो म्हणेल, बिस्किटं. उघडून दाखवा. आता विचारा, "आजी बाहेर आहे, तिने डबा उघडून बघितलेला नाही. ती काय म्हणेल, आत काय आहे?" तीन वर्षांचं मूल बहुधा सांगतं, "सुईदोरा." त्याला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे. चारच्या पुढे, साडेचार-पाचच्या आत उत्तर बदलतं: "आजीला वाटेल बिस्किटं!" आणि ते हसू लागतं. मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकापासून अशाच युक्त्यांनी हे तपासत आले आहेत. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी असू शकतं, हा शोध मूल स्वतः लावतं. आपल्या शेजारचं का रडतंय हे कळणं, समजूत घालणं, गुपित ठेवणं, सगळं इथून सुरू होतं. आणि खोटं बोलणंही. ज्युनियरमधला मुलगा पहिल्यांदा सफाईने थाप मारतो तेव्हा आई हादरते. मी मनातल्या मनात त्याच्या हजेरीपुढे एक चांदणी काढायचे.

या वयाला साजेसा वर्ग म्हणजे ज्यात भातुकली आहे, दुकान-दुकान आहे, डॉक्टर-डॉक्टर आहे, आणि त्याला तासिकेतला शेवटचा उरलेला वेळ नव्हे तर मोठा सलग वेळ आहे. 'तू कंडक्टर, मी बाई' असं ठरवून अर्धा तास बाईसारखंच वागायचं, मध्येच स्वतःचं मन झालं तरी तिकीट फाडायचं नाही, कारण ते कंडक्टरचं काम. हा स्वतःवरचा ताबा आहे, आणि कोणत्याही वर्कशीटपेक्षा कडक.

तसाच तळ्यात-मळ्यात. ताई 'मळ्यात' म्हणते तेव्हा बाहेर उडी, 'तळ्यात' म्हणते तेव्हा आत. ताई भराभर बोलत जाते आणि मध्येच 'मळ्यात' दोनदा म्हणते. पाय उडी मारायला निघालेले असतात, ते थांबवायचे असतात. ऐकणं, नियम डोक्यात धरणं, निघालेली कृती रोखणं, ही तीन कामं एकाच क्षणी. 'शिवाजी म्हणतो'मध्येही तेच. संशोधक मुलांचा आत्मताबा मोजायला जे खेळ वापरतात त्यांत 'डोक्याला हात म्हटलं की पायाला हात लाव' अशी उलटी आज्ञा असते. आपल्या गल्लीतल्या पोरांना ती लगेच जमावी. चार वर्षांची मुलं या खेळात धडाधड आउट होतात, सहा वर्षांची टिकतात. पहिलीच्या बाई जेव्हा म्हणतात 'हे मूल शाळेसाठी तयार आहे', तेव्हा त्यांना बऱ्याचदा बाराखडीपेक्षा हेच अभिप्रेत असतं: सांगितलेलं ऐकून, पाळी येईपर्यंत थांबून, हातातलं काम पुरं करणारं मूल.

मुंबईत यात एक अडचण आहे, जागेची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी, त्यातला एक तास धापा टाकण्याजोगी. स्क्रीन एका तासाच्या आत, कमी तेवढी बरी. झोप दहा ते तेरा तास. आता कुर्ल्याच्या चाळीत किंवा विसाव्या मजल्यावरच्या वन बीएचकेत तीन तास पळायचं कुठे? तेव्हा बालवाडी निवडताना भिंतीवरचे कार्टून आणि एसी बघण्याआधी जमीन बघावी. मोकळी जमीन किती? टेबलं-खुर्च्यांनी भरलेला सुंदर वर्ग या वयाला पिंजरा असतो.

अ अननसाचा, पण कोणाच्या सोयीचा

पाच ते सहा. मोठा शिशू, सिनियर केजी. इथे अक्षरं यावीत, आणि येतात. पण कोणत्या वाटेने?

आपली वर्णमाला ही सुंदर रचना आहे. क-ख-ग-घ कंठातून, मग जीभ टाळूला, मूर्धेला, दातांना लागत लागत प-फ-ब-भ ओठांवर. उच्चाराच्या दृष्टीने याहून शहाणा क्रम सापडणं कठीण. पण हा क्रम तोंडासाठी आहे, हातासाठी नाही. 'अ'ला किती वळणं आहेत मोजा. त्यापेक्षा र, ग, म, न, व, क ही अक्षरं सोपी, आणि त्यांतून लगेच नग, वन, मगर, गरम असे शब्द बनतात. मुलाला पहिल्या आठवड्यात वाचल्याचा आनंद मिळतो. बऱ्याच चांगल्या बालवाड्या म्हणूनच क्रम मोडतात, आणि घरून तक्रार येते की 'अजून अ-आ-इ सुद्धा नाही'.

देवनागरीच्या आणखी काही खोड्या आहेत. 'कि' म्हणताना आधी क येतो, लिहिताना आधी वेलांटी. मुलाने 'कि'ची वेलांटी नंतर काढली तर त्याचा कान बरोबर आहे, लिपी वेगळी चालते. घ आणि ध, भ आणि म यांत एका गाठीचा फरक. शिवाय सव्वीस अक्षरांत काम भागत नाही; प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. त्यामुळे भारतीय लिप्यांत सगळी अक्षरं हातात बसायला तिसरी-चौथीही उजाडते. इंग्रजी केजीतल्या चुलतभावाशी तुलना करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी जेवणाच्या टेबलावरची भांडणं कमी होतील.

अक्षराआधी कान तयार व्हावा लागतो. शब्द तुकड्यांनी बनतो, तुकडा वेगळा करता येतो, हे ज्या मुलाला ऐकू येतं त्याला वाचन सोपं जातं. आपल्याकडे याचा जुना, फुकट अभ्यासक्रम आहे: शब्दांच्या भेंड्या. 'मगर'चा शेवट र, मग र वरून 'रवा'. शेवटचा आवाज कानाने पकडून त्यावरून नवा शब्द काढणं. लोकलमध्ये, रिक्षात, पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभं राहून, कुठेही होतं. मला सिनियरच्या वर्गात एकच खेळ ठेवायची परवानगी दिली तर मी हा ठेवीन.

अंकांचीही एक गंमत. मराठीत एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. मूल अठ्ठावीसपर्यंत 'वीस'च्या घरात असतं आणि अचानक तोंडाने 'तीस' म्हणायचं, पण लिहायचं २९. ते अडखळतं यात नवल नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास सात' अशी जोडनावं दिली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मला स्वतःला 'सत्तावन्न' सोडवत नाही, पण अडचण खरी आहे.

आणि या वयाला काय जमत नाही तेही माहीत असावं. स्टीलच्या उंच पेल्यातलं दूध मुलासमोरच पसरट वाटीत ओता आणि विचारा, कशात जास्त होतं? पाच वर्षांचं मूल बहुधा पेला दाखवेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हे गेल्या शतकात दाखवून दिलं. मात्रा तीच राहते हे पटायला सहा-सात वर्षं उजाडतात. ज्याला दूध ओतल्यावर वाढतं-घटतं असं दिसतं, त्याच्याकडून हातच्याची बेरीज करून घेता येते, पाठ करून. समजून नाही.

याने खरंच फरक पडतो का

पडतो, पण कुठल्याही वर्गाने नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी इथे १९६२ ते १९६७ दरम्यान गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुलं निवडली गेली. त्यांतल्या ५८ जणांना तीन-चार वर्षांच्या वयात बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. रोज अडीच तास, म्हणजे आपल्या मुंबईत असते तेवढीच. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जायची. वर्गात मुलांनी आधी काय करणार ते ठरवायचं, मग करायचं, मग काय केलं ते सांगायचं. बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत विरून गेली, आणि लोक म्हणाले, फुकट गेलं. पण चाळिशीपर्यंत त्यांचा माग काढला तेव्हा बालवाडीतली मुलं जास्त शिकलेली, जास्त कमावणारी आणि कमी वेळा अटक झालेली निघाली. गुणपत्रिकेत न दिसलेलं काहीतरी टिकलं होतं.

याच्या उलट टेनेसी राज्यातला अभ्यास. तिथे सरकारी बालवर्गात चिठ्ठीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना झाली, सुमारे तीन हजार मुलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत सहावीपर्यंत बालवर्गात गेलेली मुलं मागे पडलेली आढळली. वर्गात बसवलं म्हणजे मूल घडलं, असं नसतं. आपल्याकडे आंबेडकर विद्यापीठ दिल्ली आणि मुलांच्या शिकण्याची पाहणी करणाऱ्या 'असर' संस्थेच्या लोकांनी आसाम, राजस्थान आणि तेलंगणच्या ग्रामीण भागातली सुमारे १४ हजार मुलं चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत पाहिली. २०१७च्या त्यांच्या अहवालात दिसतं की बहुतेक मुलं कुठे ना कुठे जात होती, पण वयाला साजेसं खेळातून शिकणं ना सरकारी ठिकाणी फारसं होतं ना खासगी ठिकाणी. खासगीत पहिलीचा अभ्यास खाली ढकललेला, सरकारीत बऱ्याचदा खिचडीपुढे गाडी सरकत नाही. मुंबईतलं चित्र मला याहून फार निराळं वाटत नाही, फक्त इथे रंग जास्त चांगला दिलेला असतो.

शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून चौदापर्यंतचा. त्याखालच्या मुलांच्या शिक्षणाची सोय सरकारने करावी एवढंच त्यात सुचवलं आहे. त्यामुळे सोसायटीच्या तळमजल्यावर कोणी चार चटया टाकून काय चालवतो, हे पालकालाच बघावं लागतं.

'घरी इंग्रजीच बोला'

हा सल्ला मी अनेक पालकांकडून ऐकला आहे, त्यांना शाळेने दिलेला. मूल वर्गात बोलत नाही, म्हणून घरी इंग्रजी. नव्या भाषेत पडलेलं मूल काही महिने नुसतं ऐकतं, हे सर्वसाधारण आहे. दोन-तीन भाषांनी मुलं गोंधळत नाहीत. मुंबईची पोरं आईशी मराठी, वॉचमनशी हिंदी असं सहज बोलतात. नुकसान दुसरीकडे होतं. जी आई "अगं, गार झाली की भाजी वातड लागेल, आणि मग नाक मुरडशील" असं बोलते, ती इंग्रजीत "ईट फास्ट, बेटा" एवढ्यावर येते. कारण, परिणाम, आणि 'मग' हे सगळं एका फटक्यात गळून पडतं. बालवाडीला मुलाकडून जी भाषा हवी असते ती हीच, कुठल्याही भाषेतली: लांब वाक्याची, कारण देणारी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी म्हणतं. इंग्रजी शाळेने शिकवावं, फी तीच घेते.

डिसेंबरचं मूल

महाराष्ट्रात प्रवेशाचं वय ३१ डिसेंबरला मोजतात: तोवर तीन पूर्ण तर नर्सरी, सहा पूर्ण तर पहिली. याचा अर्थ नीट बघा. जूनमध्ये त्याच वर्गात एक मूल तीन वर्षं पाच महिन्यांचं आहे आणि शेजारचं दोन वर्षं पाच महिन्यांचं. बारा महिन्यांचा फरक, धाकट्याच्या आजवरच्या आयुष्याच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा. मोठ्याला चड्डी काढता येते, सांगता येतं, वाट बघता येते. धाकट्याला 'स्लो' म्हणतात. पालकसभेत मी आधी जन्मतारीख बघायचे, मग वही. तुमचं मूल ऑक्टोबर-डिसेंबरचं असेल आणि वर्षभर थांबवणं घरात शक्य असेल, तर थांबवण्यात काही बिघडत नाही. शक्य नसेल, आणि पाळणाघराचा खर्च, नोकरी, सात-बावन्नची फास्ट हे सगळं असताना बहुतेकांना नसतंच, तर ताईला महिना सांगून ठेवा. चांगली ताई लक्षात ठेवते.

बघायला जाल तेव्हा वर्ग चालू असताना जा, सुट्टीत नव्हे. आवाज आहे का बघा. पूर्ण शांतता असेल तर दार लावून घ्या. ताई उभी आहे की मुलांच्या उंचीवर बसली आहे? आणि भिंतीवरची चित्रं. ती तुमच्या डोळ्यांसमोर लावलीत की मुलांच्या? तीस बदकं, सगळी पिवळी, सगळ्यांना एकाच बाजूला कापूस, तर ती ताईने रात्री जागून केली आहेत. तीस बदकं तीस तऱ्हांची असतील, एकाला पाच पाय असतील आणि एखादं बदकासारखं अजिबात दिसत नसेल, तर फॉर्म घ्या.